बाळंतिणीच्या खोलीतील साक्ष

मराठी माणसाला सुरत आठवते ती बहुधा दोन कारणांनी. एक, १६६४ आणि १६७० या साली शिवछत्रपतींनी त्या शहरावर केलेल्या स्वाऱ्या. आणि दुसरे, १९०७ च्या डिसेंबरात तेथे भरलेली आणि मोडलेली काँग्रेस. या दोन्ही घटना शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाच्या झालेल्या आहेत. परंतु या शहराशी महाराष्ट्राचा आणखी एक ऋणानुबंध आहे आणि तो बाळंतिणीच्या खोलीतून गेलेला आहे. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने एका विधवेला दिलेल्या शिक्षेमुळे बुलढाण्याच्या एका मराठी स्त्रीने लेखणी उचलली. पुढे १८९५ साली दुसरी एक मराठी स्त्री याच सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाली. नवऱ्याच्या घरी जा, नाही तर तुरुंगात जा, असा हुकूम एके काळी न्यायालयाने तिला दिलेला होता. या दोन प्रसंगांत चौदा वर्षांचे अंतर आहे. घराच्या चार भिंतींआड गरोदर स्त्रीला जे सोसावे लागते त्याची साक्ष कोणी द्यावयाची, आणि ती कोणाच्या बाजूने द्यावयाची, हा प्रश्न या दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी आहे. तो आजही सुटलेला नाही.

जुन्या काळच्या घरात परक्याला माजघरापलीकडे प्रवेश नसे. पोलीस, कारकून, वैद्य हे सारे ओसरीपर्यंतचे पाहुणे. बाळंतिणीच्या खोलीत तर घरच्या पुरुषांनाही मज्जाव. त्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत बाहेरची म्हणून एकच व्यक्ती जाऊ शकत असे आणि ती म्हणजे सुईण. गुजरातेत तिला सुयाणी किंवा दाई म्हणत. पोटावर हात ठेवून मूल कसे फिरले आहे हे ती सांगे, नाळ कापी, बाळंतिणीला तेल लावी, शेक देई आणि पुढचे दहाबारा दिवस घरात येजा करी. तेल लावणाऱ्या हाताला पाठीवरचे वळ लपत नाहीत. दंडावर उमटलेली बोटे, पोटरीवरचा डाग, पोटावर बसलेली लाथ हे सर्व तिला दिसे. जे सासूला ठाऊक असून ती बोलत नसे आणि जे माहेरच्यांपासून दडविले जाई, ते सुईणीला न सांगता कळत असे.

तथापि कळणे निराळे आणि बोलता येणे निराळे. सुईण बहुधा हलक्या मानलेल्या जातीची असे. तिचे पोट त्याच घरांवर अवलंबून असे. लुगडे, नारळ, पायली दोन पायली धान्य आणि थोडे पैसे एवढीच तिची मिळकत, आणि ती सासूच्या हातून मिळावयाची. ज्या घराविरुद्ध बोलावयाचे त्याच घराचे मीठ खावयाचे, अशी तिची कोंडी होती. तिच्या ज्ञानालाही मर्यादा होत्या. अस्वच्छ विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन किती बालके दगावली असतील याची गणती नाही. तेव्हा जुन्या सुईणीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, आणि तिला सरसकट अडाणी ठरवून मोकळे होणेही न्यायाचे नाही.

समाजाने या कोंडीतून एक वाट मात्र काढून ठेवली होती. ती म्हणजे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. महाराष्ट्रात डोहाळजेवण झाले की, किंवा गुजरातेत सातव्या महिन्यात खोळा भरण्याचा विधी झाला की, मुलीला माहेरी पाठवीत. या रीतीमागे धार्मिक अर्थ काहीही सांगितला जावो; तिचा व्यावहारिक परिणाम असा की, ज्या काळात स्त्रीचे शरीर सर्वांत दुबळे, त्याच काळात काही महिने तिला सासरच्या कामाच्या रगाड्यापासून व नवऱ्याच्या हातापासून दूर राहता येई. मुलीची प्रकृती नाजूक आहे, तिला लवकर पाठवा, एवढे सुईण सासूला सांगू शकत होती. तेवढ्याने आरोप केल्यासारखे होत नसे, आणि मुलीची सुटका तर होई. कायद्याच्या पुस्तकात ज्याची नोंद नाही असे हे संरक्षण होते. परंतु ते सर्वांना सारखे लाभत नसे. जिला माहेर नाही, जिचे माहेर गरीब आहे, किंवा जिच्या गर्भाला समाज बापाचे नाव देत नाही, तिला ही वाट बंद होती.

अशाच एका स्त्रीची हकीकत १८८१ साली देशभर गाजली. सुरत जिल्ह्यातील विजयलक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले. मूल जन्मले आणि लोकलज्जेच्या भयाने ते मारले गेले. सुरतेच्या सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली आणि पुढे तिची मुदत पाच वर्षांवर आली. या खटल्यात गर्भ राहण्यास कारण झालेला पुरुष कोठेच उभा राहिला नाही.

अशा प्रकरणांत सरकारचा हात बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचत असे तो सुईणीच्याच द्वारे. मृत अर्भक सापडले म्हणजे गावकामगारांची नजर आधी विधवांकडे वळे. संशयित स्त्री नुकतीच प्रसूत झाली आहे की नाही हे पाहण्यास सुईणीला बोलावीत, आणि तिचा शब्द पुराव्यात धरला जाई. म्हणजे इंग्रजी राज्याच्या न्यायव्यवस्थेने सुईणीला साक्षीदार म्हणून ओळखले खरे, पण स्त्रीविरुद्धची साक्षीदार म्हणून! जिच्या अंगावर अत्याचाराच्या खुणा आहेत तिच्या बाजूने तीच सुईण काही सांगू पाहती, तर ते ऐकून घेणारा अधिकारी त्या काळी कोणी नव्हता.

विजयलक्ष्मीच्या खटल्यावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले. ते १८८२ साली पुण्यात छापले गेले. दोष दोघांचा असता शिक्षा एकीलाच का, हा त्यांचा सवाल मराठी वाङ्मयात तोपर्यंत इतक्या उघडपणे कोणी विचारला नव्हता. त्याच्याही आधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे किंवा घेऊन जावे, अशी ती व्यवस्था होती. बाळंतिणींची देखभाल सावित्रीबाई स्वतः करीत. तेथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला. ज्या परिस्थितीतील स्त्रीला सुरतेच्या न्यायालयाने फाशी फर्मावली, तशाच स्त्रीला पुण्याच्या त्या घरात खाट, औषध आणि अभय मिळाले. या दोन ठिकाणांतील फरक कायद्याच्या कलमांचा नव्हता. एका ठिकाणी गुन्हा कोणाचा हे विचारले गेले, आणि दुसऱ्या ठिकाणी या बाईला आता कशाची गरज आहे हे पाहिले गेले.

डॉ. रखमाबाईंचे आयुष्य या दोन प्रश्नांच्या मधोमध उभे आहे. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. त्यांची आई जयंतीबाई लहान वयातच विधवा झाल्या. ज्या सुतार ज्ञातीतील हे घराणे, तीत पुनर्विवाहाची चाल असल्याने जयंतीबाईंचा दुसरा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. हे गृहस्थ विद्वान डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. न्हाण आल्यानंतर गर्भाधान व्हावे असा आग्रह सुरू झाला, तेव्हा कोवळ्या वयात हे होता कामा नये म्हणून सखाराम अर्जुनांनी तो मानला नाही. मुलीच्या शरीराला काय झेपेल हे ज्याला व्यवसायाने ठाऊक होते अशा माणसाने घातलेला हा बांध होता.

पुढे दादाजींनी बायको नांदावयास यावी म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात १८८४ साली दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो काढून टाकला. स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करण्यास त्यांचे मन तयार होईना. परंतु अपिलात प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध लिहिले; बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई यांच्यासारखी माणसे त्यांच्या पाठीशी राहिली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. तुरुंगाची वेळ आली नाही. परंतु विवाहित स्त्रीच्या शरीरावर कायद्याने कोणाचा ताबा मानला आहे, हे त्या खटल्याने सर्वांपुढे उघडे केले.

या धामधुमीत त्यांना आधार दिला तो मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची यांनी. त्या काळी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि शिकलेल्या सुइणी तयार करण्याची चळवळ नुकती सुरू झाली होती. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला आणि १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. पडद्यातील स्त्री पुरुष डॉक्टरला अंग दाखवीत नाही, म्हणून स्त्री-डॉक्टर हवी, एवढाच हेतू प्रथम सांगितला जाई. पण या डॉक्टर स्त्रिया खाटांपाशी उभ्या राहू लागल्या, तेव्हा रोगांबरोबरच दुसरेही पुष्कळ काही त्यांच्या नजरेस पडू लागले. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने रक्तस्राव होऊन मरण पावली. तेव्हाच्या कायद्यात दहा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत तो बलात्कार ठरत नव्हता. या प्रकरणानंतर स्त्री-डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयांत आलेल्या जखमी, लुळ्या झालेल्या आणि मेलेल्या बालवधूंच्या नोंदी सरकारपुढे ठेवल्या. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली.

या घटनेचे महत्त्व दोन वर्षांच्या फरकापेक्षा मोठे आहे. जी साक्ष पूर्वी स्त्रीविरुद्ध वापरली जाई, ती येथे प्रथमच तिच्या रक्षणासाठी सरकारदरबारी गेली. बाळंतिणीच्या खोलीत जे दिसते ते टिपून ठेवले, तर त्याचा पुरावा होतो आणि त्या पुराव्याने कायदा हलतो, हे सिद्ध झाले. निरक्षर सुईणीला ते शक्य नव्हते. लिहिणाऱ्या, शिकलेल्या आणि कोणा सासूच्या शिध्यावर न जगणाऱ्या स्त्रीला ते शक्य झाले.

रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात काम पाहू लागल्या. त्या शहरात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काढला. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्या गेल्या आणि १९२९-३० च्या सुमारास निवृत्त झाल्या.

सुरतेच्या सुरुवातीच्या दिवसांची एक आठवण सांगितली जाते. बाळंतपणासाठी दवाखान्यात यावयास बायका धजत नसत. तेथे गेलेले माणूस परत येत नाही, असा समज होता. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवून तिची सुखरूप सुटका केली, आणि ते पाहून शहरातील बायकांची भीती चेपली. शहाणपणाची ही गोष्ट आहे. भिणाऱ्या माणसाला उपदेश करून धीर येत नाही. त्याच्या डोळ्यांना काहीतरी दिसावे लागते. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो सुरतेसही पोहोचला. घरोघर झडत्या, तपासण्या, रुग्णांना छावण्यांत नेणे, यांनी लोक हवालदिल झाले होते. अशा दिवसांत परक्या पुरुषाच्या जागी एक देशी स्त्री-डॉक्टर समोर असणे म्हणजे काय, हे त्या शहरातील बायकांनाच ठाऊक.

सुरतेच्या ज्या बायका या रुग्णालयात बाळंत झाल्या, त्यांना आपल्या डॉक्टरीणबाईंचा इतिहास माहीत असणारच. तो खटला देशभर गाजला होता. नवऱ्याकडे न जाण्याचा निश्चय करून जी जगली आणि मानाने जगली, ती आपल्या नाडीवर हात ठेवीत आहे, ही जाणीव एखाद्या मार खाल्लेल्या सुनेला शब्दांवाचूनही काही सांगून जात असली पाहिजे. याच शहरात १९०७ साली, ज्या वर्षाच्या अखेरीस काँग्रेस मोडली त्याच वर्षी, बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी वनिता विश्राम ही संस्था स्थापन केली. निराधार स्त्रीला राहावयास जागा आणि शिकावयास विद्या मिळावी, हा तिचा हेतू. काँग्रेसच्या मांडवात फेकल्या गेलेल्या जोड्याची हकीकत सर्वांना पाठ आहे. त्याच वर्षी त्याच गावात दोन विधवांनी उघडलेले हे दार मात्र मराठी वाचकाला फारसे माहीत नाही.

कायद्याची गती यानंतरही मंदच राहिली. नवऱ्याकडे न जाणाऱ्या स्त्रीला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली दिवाणी कायद्यातून गेली. नवरा क्रूरपणे वागत असल्यास वेगळे राहून पोटगी मागण्याचा हिंदू पत्नीचा हक्क १९४६ साली मान्य झाला. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई नव्वदीत निवर्तल्या. नांदावयास येण्याचा दावा मात्र त्या कायद्याच्या नवव्या कलमात राहिलाच. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. विवाहित स्त्रीचा छळ हा फौजदारी गुन्हा आहे, हे दंडविधानात ४९८-अ या कलमाने लिहिले गेले ते १९८३ साली. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या आणि ८६ व्या कलमांनी घेतली आहे.

या सर्व कायद्यांत एक उणीव होती. पीडित स्त्रीने स्वतः चालत ठाण्यात किंवा कचेरीत जावे, असे ते गृहीत धरीत. सातव्या-आठव्या महिन्यात असलेली, पैशाने नवऱ्यावर अवलंबून असलेली स्त्री एकटी कोठे जाऊ शकते? पोलीस ठाण्यात नाही, वकिलाकडे नाही. ती जाते तपासणीला. सासूही तिला तेथे जाण्यास आडकाठी करीत नाही, कारण नातवंडाची काळजी सर्वांना असते. म्हणूनच २००५ साली झालेल्या आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने या दाराकडे लक्ष दिले. त्या कायद्यानुसार रुग्णालयाला पीडित स्त्रीस औषधोपचार नाकारता येत नाही. तिने आधी तक्रार नोंदविली नसेल, तर घटनेचा अहवाल रुग्णालयाच्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यावयाची असते. विजयलक्ष्मीच्या काळी बाळंतिणीच्या खोलीतून निघणारी साक्ष स्त्रीला फासाकडे नेत होती. या कायद्याने ती तिच्या हातात दिली.

या कायद्याच्याही आधी, २००० साली, मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले होते. महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ते चालविले. छळ सोसणाऱ्या स्त्रीला रुग्णालयातच समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला मिळावा, आणि खुणा ओळखावयास परिचारिकांना शिकवावे, हा त्यामागचा विचार. तो पुढे इतर रुग्णालयांतही गेला.

गरोदरपणातील मारहाण ही केवळ त्या स्त्रीची व्यथा नाही. पोटावर बसलेल्या आघाताने वार वेळेआधी सुटून रक्तस्राव होऊ शकतो, गर्भपात होऊ शकतो, मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मू शकते. सततच्या धास्तीने स्त्री जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला उशिरा येते किंवा येतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचे सांगितले. गरोदरपणी मार खाल्ल्याचे ३.१ टक्के स्त्रियांनी सांगितले. हे आकडे परक्या माणसापुढे बोलण्याचे धैर्य केलेल्या स्त्रियांचे आहेत. त्याच पाहणीनुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांनीच कोणाकडे मदत मागितली, आणि मागितली ती बहुतेक माहेरच्या माणसांकडे.

या ठिकाणी परिचारिका आणि सुईण यांच्या कौशल्याचा कस लागतो. जखम एक आणि सांगितलेले कारण दुसरे, प्रश्न सुनेला विचारला असता उत्तर नवऱ्याने देणे, वारंवार पडल्याचे सांगणे, या खुणा अनुभवी नजरेला कळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली दिलेले मार्गदर्शन पाहता त्यातील पुष्कळसे जुन्या शहाण्या सुईणीच्या रीतीशी जुळते. स्त्रीशी एकांतात बोलावे, सोबतच्या माणसांना काही निमित्ताने बाहेर ठेवावे. शांतपणे ऐकावे, आणि ती सांगते त्यावर विश्वास ठेवावा. हा तुझा दोष नाही, हे तिला सांगावे. सांगण्याची बळजोरी करू नये. नवऱ्याला तिच्यादेखत जाब विचारू नये, कारण त्याचा राग घरी गेल्यावर तिच्यावरच निघतो. घरच्यांच्या हाती पडणाऱ्या कार्डावर या गोष्टी लिहू नयेत. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र जखमा तारीखवार लिहून ठेवाव्यात. आज रात्री घरी जाणे धोक्याचे आहे का, कोणाकडे जाता येईल, कागदपत्रे आणि चार पैसे कोठे ठेवता येतील, याचा विचार तिच्याबरोबर करावा. निर्णय तिचा तिने घ्यावा. परिचारिकेने घर मोडावयाचे नसते, तसे ते कसेही करून जोडावयाचेही नसते. स्त्री आणि मूल जिवंत राहावे, हे तिचे काम.

रखमाबाईंची सुरत आता ओळखू येणार नाही इतकी बदलली आहे. १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात असलेले हे शहर आज यंत्रमाग आणि हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेले आहे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. ओडिशा, उत्तर प्रदेश येथूनही माणसे येतात. देशात १९९२-९३ मध्ये सुमारे एक चतुर्थांश बाळंतपणे दवाखान्यांत होत. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. शेळीची सुटका करून दाखविण्याची गरज आता उरलेली नाही. परंतु दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, माहेर शेकडो मैल दूर असलेल्या सुनेला सातव्या महिन्यात घेऊन जाणारे कोणी नसते. माहेरच्या रीतीने जे संरक्षण मिळे ते स्थलांतराने काढून घेतले आहे. त्याची जागा तपासणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या परिचारिकेने, दारोदार फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीने घ्यावयाची आहे. गुजरातेत २०१५ पासून राज्यभर चाललेली १८१ क्रमांकाची अभयम् सेवा तिच्या मदतीला आहे. पण तो क्रमांक त्या स्त्रीच्या कानावर पडावा लागतो, आणि तो सांगणारी व्यक्ती तिच्या भाषेत बोलणारी असावी लागते.

२०१८ साली भारत सरकारने सुईणपणाच्या शिक्षणाचे नवे धोरण आखले. परिचारिकांना प्रसूतिसेवेचे विशेष शिक्षण देऊन स्वतंत्रपणे काम करता यावे, असा त्याचा आशय आहे. अशा शिक्षणात नाळ कशी कापावी, रक्तस्राव कसा थांबवावा हे शिकविले जाईलच. त्याबरोबर वळ पाहिल्यावर काय विचारावे, कोणाला बाहेर पाठवावे आणि काय लिहून ठेवावे, हेही शिकविले गेले पाहिजे. ज्या परिचारिकेवर एका पाळीत पन्नास बायका तपासण्याचा भार आहे तिच्याकडून एकांतातील संभाषणाची अपेक्षा करणे व्यर्थ ठरेल. तेव्हा तिला वेळ, आडोसा आणि वरिष्ठांचा पाठिंबा मिळणे हाही त्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. जुन्या सुईणीला दिसत होते, पण बोलण्याचे स्वातंत्र्य नव्हते. आजच्या परिचारिकेला कायद्याने ते दिले आहे. ते वापरण्याइतकी सवड आणि निर्भयता तिला मिळते की नाही, यावर तपासणीला आलेल्या पुष्कळ स्त्रियांचे पुढचे दिवस अवलंबून आहेत.